पपईतलं दुसरं औषध

अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या प्रयोगशाळेतल्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतात." गमती आहेत, आणि लिहिणारही आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर दरवेळेसारखी ती गमतींच्या आड राहून जाईल. घरी नाही, लॅबमध्ये नाही, या वर्षीपर्यंत मी ही कुणालाच सांगितलेली नव्हती. माझ्या एका वाक्यामुळे एका सरळ माणसावर लबाडीचा शिक्का बसला. ते वाक्य चुकीचं होतं हे मला त्याच दिवशी कळलं, घरी परतताना, मोटरसायकलवर. मी गाडी वळवली नाही.

माझं काम थोडक्यात सांगतो. फळांवर, भाज्यांवर फवारलेल्या औषधांचा किती अंश मागे उरलाय ते मी मोजतो. आमची लॅब खासगी, नंदुरबारच्या जवळ. केळी, पपई, मिरची, मोसमात सीताफळ, असं सगळं येतं. शेताच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून फळं तोडायची, एकत्र करायची, सालीसकट चिरायची आणि मिक्सरमधून काढायची. घरी चटणी वाटतो त्याच मिक्सरचा हा थोरला भाऊ. मग त्यातला चमचाभर लगदा एका नळीत घ्यायचा, त्यात औषध विरघळवून बाहेर ओढणारं एक द्रावण घालायचं, वर क्षार टाकून नळी जोरात हलवायची. क्षार टाकले की नळी हाताला गरम लागते. नव्या मुलींना पहिल्या दिवशी ती हातात देतो तेव्हा त्या दचकतात. शेवटी वर आलेलं नितळ द्रावण यंत्राला द्यायचं. मिठाची एक चिमूट आख्ख्या विहिरीत टाकली तरी ती ओळखेल असं ते यंत्र आहे.

पण त्या यंत्राची एक खोड आहे. ज्याचं नाव सांगाल तेवढंच ते शोधतं. आपण औषधांची यादी द्यायची. यादीतलं एखादं असलं तर ते बोट ठेवतं, यादीबाहेरचं समोर असलं तरी गप्प बसतं. या बाबतीत ते माझ्यासारखंच आहे.

"सालीसकट कशाला वाटता? साल कोण खातं?" हा प्रश्न मला दर आठवड्याला एक तरी शेतकरी विचारतो. नियम तसा आहे, एवढंच सांगता येतं. दुसरा ठरलेला प्रश्न: "साहेब, पास का नापास?" जणू त्यांच्या पोराचा दहावीचा निकाल आहे. एकदा एका माणसानं नमुना देण्याआधी पपया भांडी घासायच्या साबणानं धुऊन आणल्या. नळ्या हलवल्या तर सगळ्यांना फेस. मी फोन केला तर म्हणाला, "स्वच्छ दिल्या तर तक्रार, घाण दिल्या तर तक्रार, तुम्हाला पाहिजे तरी काय?" दुसऱ्या एकानं स्वतःच्या शेतातला माल नापास होईल या भीतीनं मेव्हण्याच्या परसातल्या पपया आणल्या. त्याच्या शेतात लांबट तैवान जात, आणि पिशवीत गोल गरगरीत देशी. मी पिशवीत पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "पानी कमी पडनं, म्हनीसन गोल व्हयन्यात."

अशा लबाड्या आम्ही इतक्या पाहतो की खरं बोलणाराही आम्हाला लबाड वाटू लागतो. आमच्या धंद्यातला हा खरा रोग. मी बळी पडलो तो त्यालाच, पण त्याचं निमित्त पुढे करून सुटका करून घ्यायची नाही, असं ठरवूनच लिहायला बसलोय.

सात-आठ वर्षं झाली. शहादा तालुक्यात, कळसाडीच्या अलीकडे एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथले आप्पा जुने बागायतदार, पिढ्यान्‌पिढ्या तापीकाठचे. घरात एक मुलगा शिक्षक, एक शेतीत. त्या वर्षी त्यांनी पपई बाहेर देशी पाठवणाऱ्या व्यापाऱ्याशी पहिल्यांदाच बोली केली होती. अट अशी, की कोणकोणती औषधं मारली ते आधी लिहून द्यायचं, आणि तपासणीत त्याबाहेरचं काही निघता कामा नये. आप्पांनी प्रामाणिकपणे लिहून दिलं. पपईच्या पानाफळांवर बुरशीचे डाग पडतात, त्यासाठी त्यांनी थायोफॅनेट नावाची पावडर मारली होती. तेही लिहिलं होतं.

नमुना माझ्याकडे आला. यंत्रानं बोट ठेवलं ते कार्बेन्डाझिम नावाच्या दुसऱ्याच बुरशीनाशकावर. ठरलेल्या मर्यादेच्या वर. आप्पांच्या कागदावर हे नाव नव्हतं.

आकडा बरोबर होता. तो आजही बरोबर आहे, कुणीही तपासावा.

व्यापाऱ्याचा माणूस गुजरातकडचा, पांढरे बूट घालणारा. त्याला गावात जाऊन निकाल समजावून सांगायचा होता, आणि "कोई साहेब साथ मे चाहिए" म्हणून आमच्या संचालकांनी मला पाठवलं. होळी तोंडावर होती. आप्पांच्या ओट्यावर गावातली आठदहा माणसं जमली होती. माझं स्वतःचं घर याच पट्ट्यातलं, घरात आम्ही अहिराणीच बोलतो. पण त्या दिवशी मी खुर्चीत बसलो आणि शुद्ध, ऑफिसातली मराठी बोललो. का, ते मला आता नीट कळतं. अहिराणी बोललो असतो तर मी त्यांच्यातलाच एक झालो असतो, आणि मला त्या दिवशी यंत्राच्या बाजूचा माणूस व्हायचं होतं.

आप्पा म्हणाले, "साहेब, जे मारं ते लिखी दिधं. दुसरं काहीच मारं नही. देवनी आन."

त्यांचे चुलतभाऊ नाना ओट्याच्या पायरीवर बसले होते. ते म्हणाले, "आप्पा, तू नही मारं हाई मान्य शे. पन पंप कोना हातमा व्हता?"

"वेस्ताना."

"आनि वेस्ता आते कोठे शे?"

"होळीले गया."

"हां! बरोबर टाइमले गया!"

ओट्यावर हसू पसरलं.

वेस्ता कोण, ते सांगायला हवं. काठी गावाकडचा, सातपुड्यातला माणूस. दर पावसाळ्यानंतर तो आपल्या पाड्यावरची पाचसहा घरं घेऊन आप्पांच्या शेतावर येई आणि उन्हाळ्यापर्यंत राही; मधे फक्त होळीला घरी जाऊन येई. मजुरी सगळेच करायचे, पण फवारणीचा पंप फक्त वेस्ता घ्यायचा. मी त्याला नमुने घेताना दोनदा पाहिलं होतं. फवारणी झाली की तो पंप कालव्याच्या कडेला न्यायचा, पाणी भरून हलवायचा, ओतायचा, पुन्हा भरायचा. नळीचं तोंड फुंकून बघायचा. मी त्याला म्हटलं होतं, "दादा, झाला की स्वच्छ." तो म्हणाला, "आतला वास जायचाय अजून." आप्पा त्याच्यावर इतका विश्वास टाकत की औषधाच्या खोलीची किल्ली त्याच्याकडेच असे.

त्या दिवशी मात्र ओट्यावर वेगळीच वेस्ताची गोष्ट तयार होत होती, आणि मी ती तयार होताना पाहत होतो. नाना म्हणाले, "त्याना आठ दिनपासून ढंगच येगळा व्हता. खाटवर बसे नही. आपला घरनं खाये नही. स्वतानी भाकर स्वता करे. मनमा पाप व्हतं म्हनीसन."

ते पाप नव्हतं. काठीच्या होळीत जे नवस फेडतात, अंगाला राख फासून, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधून नाचतात, ते आधी काही दिवस पालनी पाळतात. खाटेवर बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं, आपल्या हातानं शिजवलेलंच खायचं. वेस्ताच्या घरी कुणी आजारातून उठलं होतं, त्याचा नवस होता. सपाटीवरच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या डोंगरातले मजूर राबवून घेतले, पण ते होळीआधी असे का वागतात हे विचारायचं कधी सुचलं नाही. मला ते ठाऊक होतं, कारण मी एकदा काठीला गेलो होतो. ओट्यावर मी तेही बोललो नाही.

कुणीतरी म्हणालं, शेजारच्या मळ्यात त्या आठवड्यात दुसरं औषध मारत होते. वेस्ता तिकडेही रोजानं जायचा. तिथलं उरलेलं यानं आपल्या टाकीत ओतलं असणार, आणि आपली पावडर विकून खाल्ली असणार. गोष्ट सांधे जुळून उभी राहिली. आप्पा मात्र अजून मान हलवत होते. "वेस्ता तसा नही," ते म्हणाले, पण आवाज खाली गेला होता.

तेव्हा व्यापाऱ्याचा माणूस माझ्याकडे वळला. "साहेब, लंबी बात नको. हे औषध शेतात मारलं की नाही मारलं? हां की ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आयुष्यात इतकी माणसं माझ्या उत्तरासाठी कधी थांबली नव्हती. लॅबमध्ये मी मागच्या खोलीतला माणूस. मी म्हणालो, "फळात औषध आपोआप येत नाही. मारल्याशिवाय येणार नाही."

झालं. आप्पांनी मान खाली घातली. नाना म्हणाले, "साहेब बोलनात, आते काय ऱ्हायनं?"

मी चहा प्यायलो आणि निघालो.

प्रकाशे सोडून थोडा पुढे आलो असेन. ऊन कलत होतं, रस्त्याकडेला उसाची बैलगाडी पंक्चर होऊन उभी होती आणि गाडीवान तिला शिव्या देत होता. ते बघताना, काही संबंध नसताना, मला एकदम कॉलेजातलं एक पान आठवलं. थायोफॅनेट झाडावर पडलं, ऊनपाणी लागलं, की मोडतं; आणि मोडून त्याचं जे होतं तेच कार्बेन्डाझिम. बाजारात ते वेगळ्या पुडीत, वेगळ्या नावानं मिळतं, म्हणून आपल्याला दोन औषधं वाटतात. पण पहिलं फवारलं तरी पानावर दुसरं सापडतंच. दूध विरजलं आणि दही निघालं, आणि आपण म्हणायचं की घरात कुणीतरी चोरून दही आणून ठेवलं, तसं मी ओट्यावर केलं होतं.

आमच्या यंत्राच्या यादीत तेव्हा कार्बेन्डाझिम होतं; थायोफॅनेट नव्हतं. यंत्र पहिल्याबद्दल गप्प होतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

गाडी बाजूला घेतली. परत जायला वेळ लागला नसता. पण परत जाऊन काय म्हणायचं? की मघाशी मी जे ठासून बोललो ते मला नीट माहीत नव्हतं? आधी पुस्तक बघू, खात्री करू, मग सांगू, असं मनाशी म्हणालो. त्या क्षणी ते मला शहाणपणाचं वाटलं होतं. भित्रेपणा शहाणपणाचा सदरा घालूनच येतो, निदान माझा तरी.

खात्री केली. पुस्तकात होतंच. तेवढ्यावर न थांबता मी घरामागच्या पपईवर तीच पावडर फवारली आणि रोज एक फळ लॅबमध्ये नेऊन, या वेळी यंत्राला दोन्ही नावं देऊन, तपासलं. पहिल्या दिवशी थायोफॅनेट भरपूर आणि दुसरं नावाला. मग एक उतरत गेलं, दुसरं चढत गेलं. यंत्राच्या पडद्यावर दोन टेकड्या दिसतात, एक बुटकी होत जाते आणि शेजारची वाढत जाते. इतका सुंदर निकाल मी क्वचित पाहिलाय, आणि तो कुणाला दाखवायची मला सोय नव्हती. बायको म्हणाली, "यंदा आपल्या झाडाला एक पपई टिकत नाही." मी म्हटलं, पक्षी खातात.

संचालकांना मी आडून विचारलं, की अशा वेळी अहवालात खुलासा द्यायला नको का? ते म्हणाले, "आकडा बरोबर होता ना? मग झालं. आपण आकडा देतो, कीर्तन नाही." त्यांना ओट्यावरचं वाक्य ठाऊकच नव्हतं. मी यादीत थायोफॅनेट कायमचं घालून घेतलं आणि पुढच्या अहवालांत दोन्ही नावं एकत्र येऊ लागली. आमची लॅब सुधारली. कशामुळे सुधारली ते कुणी विचारलं नाही.

होळी करून वेस्ता आपली माणसं घेऊन परत आला, त्या दिवशी आप्पांचा फोन आला. "साहेब, तुम्ही उनात ते बरं व्हयनं. घरमाना चोर सापडना. वेस्ता उनता बठ्ठास्ले लिसन. बांधवरच सांगी दिधं, आते आठे पाय ठेवू नको. लोके व्हतात समोर."

मी म्हणालो, "बरं."

माझ्या गुन्ह्यात मोठं वाक्य ओट्यावरचं. पण मला जास्त छळतो तो हा शब्द. ओट्यावर मला माहीत नव्हतं. फोनवर माहीत होतं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं, कारण नमुने घ्यायला त्या भागात जावंच लागायचं. वेस्ताला मग त्या पट्ट्यात कुणी पंप हातात दिला नाही. "तो औषध बदलस," एवढं एक वाक्य त्याच्या पुढे पुढे चालायचं. त्याच्या भरवशावर येणारी पाड्यावरची घरंही आप्पांकडून तुटली आणि ऊसतोडीला गुजरातेत जायला लागली. आप्पांच्या शेतावर त्यांना निदान पत्र्याचं छप्पर आणि ओळखीचा बांध होता. तिकडे फडात उघड्यावर राहायचं.

मी त्याला शोधायला कधी गेलो नाही. तो मला सापडला. या वर्षी होळीआधी, डोंगराच्या पायथ्याला खापर गावच्या बाजारात. मी एका व्यापाऱ्याकडे मिरचीचा नमुना घ्यायला गेलो होतो. बाजार नुसता फुलला होता; गूळ, डाळ्या, खजूर, साखरेचे हार. घुंगरांच्या दुकानासमोर एक माणूस एकेक घुंगरू कानाजवळ नेऊन हलवून बघत होता. दुकानदार वैतागून म्हणत होता, "दादा, घ्यायचे ते घे, सगळे वाजतातच." तो म्हणाला, "वाजतात. पण फुटकं पण वाजतं." त्या बोलण्यावरून मी ओळखलं.

मी म्हटलं, "वेस्तादादा."

त्यानं बराच वेळ माझ्याकडे बघितलं. "तू यंत्रवाला."

डोंगरातली माणसं कलेक्टरलाही तूच म्हणतात. मला त्या दिवशी तो 'तू' फार बरोबर वाटला.

चहाच्या टपरीमागे आम्ही उकिडवे बसलो आणि मी सांगितलं. पावडर कशी मोडते, तिचं दुसरं औषध कसं होतं, मी ओट्यावर काय बोललो, रस्त्यात मला काय आठवलं, फोनवर मी काय म्हणालो. सगळं. तो घुंगरांची पुडी मांडीवर ठेवून ऐकत होता. मध्ये एकदाच विचारलं, "म्हणजे पपईनं बदललं?"

"हो. पपईनं, उन्हानं."

"आणि नाव माझं."

"हो."

त्यानं घुंगरांची पुडी पुन्हा बांधली. मला वाटलं आता शिवी देईल. दिली असती तर मी घेतली असती. खरं म्हणजे मी तीच मागायला बसलो होतो. शिवी मिळाली की माणूस मोकळा होतो.

तो म्हणाला, "मला कशाला सांगतो? मी नाही टाकलं, ते मला तेव्हापासून माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग ना."

मग उठला. "माझ्या देखत सांग. नाहीतर म्हणतील, वेस्तानं साहेबाला दारू पाजली." आणि त्यावर तो हसला. मला हसता आलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात मी आप्पांकडे गेलो. आप्पा आता थकलेत, काठी घेऊन चालतात. या वेळी मी ओट्यावर खुर्ची घेतली नाही आणि अहिराणीत बोललो. सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, आणि आजवर मला साहेब म्हणणारा माणूस पहिल्यांदा एकेरीवर आला. "भो, हाई तू तव्हयच काबर नही सांगं?"

मग तेच पुढे बोलले.

"मन्हं मन सांगे का वेस्ता तसा नही. पन तू बोलना. शिकेल मानूस बोलना, म्हनीसन मी मन्हा मनले गप बसाडं." त्यांचे डोळे भरले होते, पण आवाजात राग होता, आणि तो दोघांवरही होता.

मी म्हटलं, "आप्पा, वेस्ताले बोलावूत. बठ्ठास्ना समोर मी सांगस. तुम्हनी काहीच चूक नही."

"मन्ही चूक नही?" आप्पा म्हणाले. "बांधवर त्याले चोर कोन म्हनं? तू म्हनं का? मी म्हनं. त्यानी बायको व्हती समोर. आते तू उभा राहीसन सांगशी तं मी मन्हं तोंड कोठे दपाडू?" आणि मग अगदी हळू: "मी मरी जाऊ दे. मंग सांग."

मी त्यांचे पाय धरले आणि निघालो. त्यांना हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. त्यानंतर महिने गेलेत. वेस्ताचा निरोप आला नाही, येणारही नाही. त्याला जे सांगायचं ते त्यानं एकदा सांगितलंय. आप्पांना भेटायला मी दोनदा निघालो आणि दोन्ही वेळा लॅबमध्ये काही ना काही काम काढलं. आप्पांच्या वयाचा मान राखतोय, असं मी स्वतःला सांगतो. पण ही सबब मला ओळखीची आहे. पुन्हा शहाणपणाचाच सदरा आहे.

इथे छापून आलं म्हणजे फिटलं, असं मी धरत नाही. तुम्ही वाचाल, पण तुम्ही वेस्ताला लबाड म्हटलेलं नाही. त्या ओट्यावर हा अंक जात नाही, आणि काठीलाही जात नाही.

वेस्ताला शेजारी घेऊन, आप्पांच्या ओट्यावर, त्याच माणसांसमोर मी चुकीचं बोललो होतो हे सांगणं माझ्यावर बाकी आहे. आणि ते आप्पा हयात असतानाच सांगायला हवं.